एकतिसाचा पाढा

श्रीधर खांबेटे सिंगापूरच्या तांजोंग पगार भागातल्या एका विमा कंपनीत बड्या हुद्द्यावर होते. मीटिंगमध्ये फडाफड इंग्रजी बोलणारा हा माणूस गुणाकाराची वेळ आली की ओठ हलवायला लागायचा, आणि शेजारच्या चिनी सहकाऱ्याला वाटायचं, साहेब जप करताहेत. जप कसला? पुण्याच्या मराठी शाळेत घोकलेले दोन ते तीस पाढे होते ते. तीस वर्षं परदेशात काढली तरी खांबेट्यांना हिशेब मराठीतच सुचायचा. जित्याची खोड, दुसरं काय.

मेधा नावाची एक उत्साही मराठी मुलगी सिंगापुरात स्वयंसेवकांचा गट चालवायची. केनियात किनाऱ्याकडच्या एका नदीकाठी अनाथ मुलांचं एक घर होतं, त्याला हा गट मदत करायचा. तिथल्या मुलांना शनिवारी स्काइपवर गणित शिकवायला कुणीतरी हवं होतं, आणि खांबेटे हौसेने पुढे झाले. त्यांची बायको नीता म्हणाली, मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये बसून केनियातली मुलं शिकवायची म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. खांबेट्यांनी लक्ष दिलं नाही. कॅमेरा लावून द्यायला मुलगी ऋचा होतीच.

पहिल्याच शनिवारी घोटाळा झाला. "सेव्हन एट्स आर" म्हणता म्हणता खांबेट्यांचं घोडं पेंड खायला लागलं. समोर एकोणतीस मुलं डोळे मोठे करून बसलेली. खांबेट्यांनी फळ्यावर आकडे लिहिले आणि तोंडाने सरळ म्हटलं, सात आठे छप्पन्न. मुलांनी खणखणीत आवाजात तेच म्हटलं. झालं. तिथून पुढे फळ्यावर आकडे आणि तोंडी मराठी, असा रिवाजच पडला. एकोणतीस मुलं आणि दोन ते तीस मिळून पाढेही एकोणतीसच, हे लक्षात आल्यावर तर खांबेटे चेकाळलेच. त्यांनी प्रत्येकाला एकेक पाढा कायमचा बहाल केला. हजेरीला नाव घ्यायचं नाही, आपल्या पाढ्याची सुरुवात म्हणायची. सतराचा पाढा कांझे नावाच्या एका आगाऊ मुलीकडे होता. आपल्या वाट्याला आला तोच सगळ्यांत अवघड आहे, असं तिचं ठाम मत होतं आणि त्याचा तिला भारी अभिमान होता.

घर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मामा सिदी म्हणत. मामा म्हणजे तिकडे आई. सिंगापुरात गणित याच भाषेत शिकवत असावेत, अशी त्यांची समजूत होती, आणि ती दूर करण्याची खांबेट्यांनाही काही घाई नव्हती.

वर्षभराने, २०१८च्या एप्रिलमध्ये, मेधा एका शनिवारी सहज वर्ग ऐकायला बसली आणि तिने कपाळाला हात लावला.

"श्रीधरकाका, ही मुलं परीक्षा इंग्रजीत देणार आहेत. तुम्ही यांना बे एके बे काय शिकवलंत?"

मेधाने अदबीनेच सांगितलं की पुढच्या महिन्यापासून दुसरे शिक्षक बघू, येत्या शनिवारी निरोप घ्या. घरी ऋचाने सिंगापुरी थाटात "नॉट युअर फॉल्ट, लाह" म्हणून बाबांची समजूत घातली. पण ते फार खजील झाले होते. आपल्या सोयीपायी आपण परक्या पोरांचं वर्ष फुकट घालवलं, हे त्यांना जेवतानाही बोचत होतं. शनिवारी मुलांची माफी मागायची, असं त्यांनी ठरवलं.

त्या शनिवारी स्काइप लागलंच नाही. संध्याकाळी मेधाचा फोन आला. नदी फुटली होती. घर, पुलापलीकडची वस्ती, सगळं पाण्याखाली होतं, आणि मामांचा फोन बंद होता. खांबेट्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते रोज ऑफिसला गेले, रोज जहाजांच्या विम्याचे कागद पुढ्यात घेऊन बसले आणि एकही ओळ वाचू शकले नाहीत. बसमध्ये डोळे मिटले की एकेक मूल आपापला पाढा म्हणताना दिसायचं. नीतानेही उंट आणि शेळ्यांचं नाव काढलं नाही. तिने देवापुढे दिवा लावला आणि विझू दिला नाही.

बुधवारी दुपारी ऑफिसात फोन वाजला. पलीकडे मामा सिदी होत्या.

"म्वालिमू," त्या म्हणाल्या. म्वालिमू म्हणजे गुरुजी. "तुमच्या हजेरीने माझी पोर वाचवली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. शुक्रवारी दुपारी पाणी चढायला लागलं तशा त्या मुलांना घेऊन टेकडीवरच्या शाळेकडे पळाल्या. वर आसपासच्या गावांतली माणसं आणि मुलं खच्चून भरलेली. पाऊस असा की शेजारचा चेहरा ओळखू येईना, आणि त्या गर्दीत नावं पुकारली तर त्याच नावाची दहा मुलं ओ देणार. मामांना काय सुचलं कोण जाणे, त्या ओरडल्या, "हजेरी!" आणि त्या कल्लोळात कानाकोपऱ्यांतून आवाज उठायला लागले. बे एके बे. तीन एके तीन. असे पाढे आफ्रिकेच्या त्या टेकडीवर दुसरं कोण म्हणणार? सोळा एके सोळा झालं, आणि पुढे शांतता. नंतर एकदम अठरा.

सतरा नव्हता.

कांझे घरची शेळी सोडवायला मागे वळली होती. मामांनी तिथल्या तिथे दोन कोळ्यांना होडी घेऊन पाठवलं. पाणी अंगणातल्या आंब्याच्या फांद्यांना टेकलं होतं आणि कांझे शेंड्याजवळ चिकटून बसली होती. होडीवाल्यांना ती दिसली नाही, ऐकू आली. भीती वाटू नये म्हणून ती मोठमोठ्याने म्हणत होती, "सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट." थोडा जरी उशीर झाला असता तर ते झाडही राहिलं नसतं, असं होडीवाले म्हणाले.

"शेळी?" खांबेट्यांनी विचारलं.

"शेळी तिच्या आधी पोहत टेकडीवर आली होती," मामा म्हणाल्या आणि हसल्या. मग दोघंही हसता हसता रडले. साहेबांना रडताना पाहून चिनी सहकारी चहा घेऊन आला.

पुराने घर नेलं, पुस्तकं नेली, मेधाच्या गटाने पाठवलेला कॉम्प्युटर नेला. पाढे मात्र जिथल्या तिथे राहिले. मेधाने स्वतः फोन करून सांगितलं की काका, इंग्रजीही शिकवा, पण हजेरीला हात लावू नका. नंतर गटाने नवा कॉम्प्युटर पाठवला, आणि टेकडीवरच्या शाळेच्या ओसरीत वर्ग पुन्हा भरला.

हजेरी झाली. कांझेने आपला सतरा एवढ्या जोरात म्हटला की ऋचाने आवाज कमी केला. तिसाच्या पाढ्यानंतर खांबेटे खडू उचलणार, एवढ्यात मामांनी एका चिमुरडीला पुढे केलं. तिचं नाव रेहेमा. पुरात तिचं कुणीच उरलं नव्हतं, आता ती या घरची झाली होती.

"ही रोज हजेरीला उभी राहते," मामा म्हणाल्या, "पण हिच्याकडे म्हणायला काही नाही. हिला पाढा द्या."

पाढे संपले होते. पुण्याच्या शाळेने तिसापलीकडे काही शिकवलंच नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? खांबेट्यांनी एका आठवड्याची मुदत मागितली. तो आठवडाभर मरीन परेडहून सुटणाऱ्या बसमध्ये एक केस पिकलेला साहेब टाय सावरत पुटपुटताना लोकांनी पाहिला. नीता रोज रात्री त्यांचा पाढा म्हणवून घ्यायची आणि चुकले की पुन्हा पहिल्यापासून.

शनिवारी रेहेमा कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. खांबेट्यांनी फळ्यावर आकडे लिहिले आणि म्हटलं, "एकतीस एके एकतीस."

तिने आधी मामांकडे पाहिलं, मग कांझेकडे. कांझेने मान हलवली.

"एकतीस एके एकतीस," रेहेमा म्हणाली, आणि हजेरी पूर्ण झाली.