हिरड्याच्या संघातून आमचं गाव बाहेर पडलं तेव्हा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर एवढी हिंमत झाली नसती.

मी जुन्नरला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. एखादा देश शेजाऱ्यांच्या व्यापारगटातून बाहेर पडतो तेव्हा वाटाघाटी कशा होतात, हा धडा आला की पोरं पुस्तकं मिटतात. सर आता हिरड्याची गोष्ट सांगणार, हे त्यांना ठाऊक असतं.

गोष्ट खरी आहे. आमच्या डोंगरातली सात गावं बाळहिरडा — औषधाला जाणारं ते कोवळं फळ — वाळवून, संघ करून एकत्र विकायची. आमच्या बाया तो खडखडीत वाळवायच्या. त्यात बाकीच्यांचा ओलसर माल मिसळला की भाव सगळ्यांनाच पडका. गावानं ठरवलं, बाहेर पडायचं. पण टेम्पो संघाचा, काटा संघाचा. भांडून निघालो असतो तर अख्ख्या हंगामाचा हिरडा घरात कुजला असता. बोलणी करायला दोघांना पाठवलं: शिकलेला म्हणून मला, आणि वाळवणाऱ्या बायांतली जाणती म्हणून ठकूमावशीला. मावशीला सही येत नव्हती.

वर्गात मी सांगतो — मी उभा राहिलो, मी समजावलं, मी तोडगा काढला...

आणि खरं? खरं असं की बैठक होती त्या शाळेच्या पायऱ्यांपर्यंतच मी गेलो. आतून कुणीतरी आमच्या गावाला गद्दार म्हटलं, आणि मी लघवीचं निमित्त करून पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसलो. अंगावर कुणी धावून आलं होतं का? नाही. नुसता घाबरलो.

तिथून सगळं ऐकू येत होतं. काय बाई ती ठकूमावशी! आवाज म्हणून चढवला नाही. सातही गावांचा हिरडा तिनं मूठ मूठ आणला होता. संघाच्या म्हाताऱ्यांना डोळे मिटायला लावले आणि एकेक मूठ ताटात टाकली. वाळलेला वाजतो, ओला वाजत नाही. मग कुणालाही न हिणवता म्हणाली, "आमी येगळं निघतो. पर दोन हंगाम आमच्या बाया येत्याल, तुमच्या बायांना वाळवाया शिकवत्याल. तवर टेम्पो नि काटा सामाईक ऱ्हाऊ द्या."

इतकी वर्षं हा विषय शिकवतोय — पण निघता निघता माणसं जोडून ठेवायची ही अक्कल मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाही.

सगळं ठरल्यावर तिनं खिडकीतून हाक मारली, "ये रं बाबा, लिव्ह आता." म्हणजे मी कुठे आहे, ते तिला माहीत होतं. मी लिहिलं. खाली सही माझी. गावात तो कागद वाचला गेला आणि सत्कार माझा झाला. मी नारळ घेतला, शाल घेतली. ती समोर बसून टाळ्या वाजवत होती. एक वाक्य बोलायचं होतं — नाही बोललो. पुढे तर स्वतःहून खोटं सांगू लागलो.

यंदा तिची नात माझ्या वर्गात आहे. पहिल्या बाकावर. तो धडा आला. मी काय करायला हवं होतं? पण गोष्ट मी तशीच सांगितली, तिच्यादेखत.

तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. "सर, आज्जीबी आमाला हेच सांगती. तुमी एकटेच लई धीरानं बोललात म्हणं, ती नुसती शेजारी बसली व्हती."

मी "हो" म्हणालो.