काकूची निळी चटई

१४ ऑगस्ट. दुपारी पिठाची गिरणी बंद ठेवली आणि सुमनकाकूच्या चटईची उसवलेली कड दाभणाने शिवायला बसले. उद्या ग्रामसभा आहे. हाताला काही काम असलेलं बरं.

काकू जाऊन पाच आठवडे झाले. तिच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी कळंबला गिरणीचा पट्टा आणायला गेले होते. पट्टा घेतला, मगच निघाले. काकूनेही तेच केलं असतं.

ती माझ्या नात्यातली नव्हे. शेजारच्या आळीतली, भातशेती करणारी, चौथी शिकलेली बाई. आमच्या गावात बायका ग्रामसभेला जात नसत. पंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन घरोघरी फिरे, बायका हात पुसून सही करत, आणि सभा भरल्याची नोंद होई. त्या सह्यांच्या वर काय ठराव लिहिला जातो, हे कोणी विचारत नसे. काकूने एकदा विचारलं. शिपाई म्हणाला, तुम्हाला काय करायचंय? तेव्हापासून तिने घरी सही करणं सोडलं. पुढच्या सभेला ही निळी चटई काखेत मारून गेली, खुर्च्यांच्याही पुढे, सरपंचांच्या टेबलासमोर अंथरून एकटी बसली. रजिस्टर समोर आलं तेव्हा म्हणाली, “आधी वाचा, मग सई.”

मागून कोणीतरी विचारलं, काकू, पापड वाळत घालायला आलात काय?

“नाय रं, तुझ्या बायकोला बसायला जागा केलीय.”

मग ती माझ्या गिरणीवर यायला लागली. बायका तिथे दळणासाठी थांबलेल्याच असतात. त्यांना म्हणायची, इथं तासभर उभ्या ऱ्हाता, तिथं येऊन बसा की. भाषण वगैरे काही नाही. दोघी आल्या, मग सहा, मग ठाकूरवाडीतल्याही. चटई पुरेना. मीही जाऊ लागले, पण तोंड उघडलं नाही कधी. बोलायला काकू होती ना…

यंदाच्या एक मेच्या सभेला ती अंथरुणाला खिळलेली होती. आदल्या दिवशी शिपाई रजिस्टर घेऊन गिरणीवरच आला. गर्दी होती, माझे हात पिठाचे. मी सही केली. मला बघून रांगेतल्या आठजणींनी केली. सभेला आमच्यातली एकही गेली नाही. पुढे कळलं, की ठाकूरवाडीहून झऱ्याकडे जाणारी वाट वापरात नाही, असा ठराव त्या सह्यांच्या जोरावर झाला. वाटेवर नव्या रिसॉर्टचं कुंपण येणार. खांब रोवले गेले आहेत. वाडीतल्या बायका हंडे घेऊन त्यांच्यामधून ये-जा करतात, आणि तार कधी लागेल याची वाट मी बघते.

हे काकूला सांगायला गेले, तीच शेवटची भेट.

“मी पन धा वर्सं अशाच सया केल्या गं,” ती म्हणाली. “मागच्या सभेचा ठराव पुढच्या सभेत वाचतात. तवा मोठ्यानं सांग, आमी नवतो म्हनून. आनि चटई घिऊन जा. मला आता खाली बसवत नाय.”

सांगायला सोपं. आमचे हे त्याच रिसॉर्टवर वायरमन आहेत. मला जाऊ नकोस म्हणाले नाहीत. काल जेवताना फक्त विचारलं, परवा गिरणी सुरू ठेवणार ना? मी भात वाढला. त्या आठजणींनाही निरोप दिलाय. येते म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता.

इथवर काल लिहिलं होतं. आज सकाळी झेंडावंदन झालं आणि मी चटई अंथरली. काकू मध्यभागी बसायची, मी कडेला बसले. उरलेली चटई मोकळी. कोणी हसलं नाही. शिपायाने रजिस्टर पुढे केलं, पेनाचं टोपण काढून दिलं. मागे दाराशी बांगड्या वाजल्या. किती जणी आल्या ते मी वळून पाहिलं नाही. पेन चटईवर ठेवलं.

“आधी वाचा,” मी म्हटलं. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हटलं.