दुपारचा खोकला

आमच्याकडे भूत चालत नाही. आम्ही बौद्ध, आत्माच मानत नाही, तर भूत आणायचं कुठून? आमचे हे तर या बाबतीत फारच कडक. वस्तीत कुणाच्या अंगात आलं की सायकल काढून जायचे आणि तासभर वाद घालून यायचे. म्हणून ते गेल्यावर, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर चौथ्याच दिवशी मला त्यांचा खोकला ऐकू आला, तेव्हा भीतीच्या आधी लाज वाटली.

दुपारचे तीन झाले असतील. सिंदी मेघेच्या आमच्या घरात त्या वेळी मी आणि सून, दोघीच. मी त्यांच्या दिवाणावर बसल्या बसल्या पेंगत होते. अगदी कानाशी खोकला आला. दोन बारीक, मग एक लांब, छातीतून ओढून काढलेला. पस्तीस वर्षं ऐकलेला. ताडकन उठले. खोलीत कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी सुनेला आडून विचारलं, "काही आयकू आलं काय वं तुले आत्ता?"

ती भांडी विसळत होती. हात थांबले. "आलं ना, आई. रोजच येते."

मला वेड लागलं नव्हतं, म्हणजे ते खरंच घरात होते. जन्मभर ज्या गोष्टीवर लोकांशी भांडले, तेच होऊन आले होते, आणि ते माझ्यामुळे.

कारण शेवटच्या दुपारी मी टीव्ही पाहत होते, हे आतून खोकत होते, आणि मी खेकसले, "थांबवा ना एकदाचं ते खोकणं!" खोकला थांबला. मला बरं वाटलं. हो, बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? अर्ध्या तासाने चहा घेऊन गेले, तर ते संपले होते.

हे सांगायचं कुणाला? वर्षावासाचे दिवस होते, पावसाळाभर विहारात भन्ते मुक्कामी होते. सगळे उठून गेल्यावर त्यांच्यापाशी सगळं ओकून टाकलं. वाटलं, रागावतील. ते एवढंच म्हणाले, "येते तं येऊ द्या, आई. पळू नका, शोधू नका. श्वासावर ध्यान ठेवा अन् पाहा, तो कुठून येते."

मग रोज तीन वाजता दिवाणावर मांडी घालून बसू लागले. श्वास आला, गेला. ताठ बसले की घर चिडीचूप. आठवड्याभराने एकदा डोळे जड झाले, पण लक्ष श्वासावरून सुटलं नाही. घशात खवखव उठली. छाती वर आली. दोन बारीक, मग एक लांब.

माझ्याच तोंडून.

डोळे उघडले. तळहात छातीवर दाबलेला होता, ते धरायचे तसाच. सून दारात उभी.

"तुले ठाऊक होतं?"

"हो."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"मले वाटलं, तुमाले ठाऊक आहे. बाबा गेल्यापासून तुमी तसंच खोकता. म्हटलं, त्यायची आठवण येत असन."

भूत नव्हतं. हायसं वाटायला हवं होतं, पण मी हमसून हमसून रडले. इतके दिवस निदान रागवायला तरी कुणी येत होतं. आता माफी मागायलाही समोर कुणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. घशात तीच खवखव आली. आवंढा गिळला असता तर संपली असती. मी गिळला नाही.

"खोका तुम्ही आरामात," मी मोठ्याने म्हणाले. "मी काही म्हणत नाही."

टीव्ही बंद होता. मी वाट पाहत बसले. खवखव थोडा वेळ राहिली, मग आपली आपणच गेली.

खोकला आलाच नाही.