बनुबाईला सांगू नका

बनुबाईचा तापटपणा गावाला नवा नव्हता. पलूसच्या पुढं, नदीच्या अंगाला असलेल्या त्या गावात ती लग्न होऊन आली त्याच वर्षी पाणंदीत उसाची गाडी आडवी लावून गप्पा हाणत बसलेल्या गाडीवानाला तिनं असं फैलावर घेतलं की त्यानं मुकाट्यानं बैल मागं सारले. नवरा लालासाहेब पलटणीत होता. सुट्टीवर आला की पारावरची माणसं त्याला म्हणायची, "हवालदार तू न्हवं रं गड्या, हवालदार तुझ्या घरात हाय." लालासाहेब हसायचा. या बाईच्या जोरावर आपलं शेत, म्हशी आणि दोन पोरं सुखरूप आहेत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

बाहत्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी, लालासाहेब पेन्शनीत निघून घरी आल्यावर, बनुबाईला दम लागायला लागला. नदीवरून धुणं घेऊन चढ चढताना ती मध्येच बसायची. पाटीखाली झाकलेली कोंबडी फडफडावी तसं छातीत फडफडायचं आणि थांबता थांबायचं नाही. जाऊ सुलाबाई म्हणाली, पित्त असंल. शेजारीण म्हणाली, दृष्ट लागली. बनुबाई म्हणाली, "माझ्यावर दृष्ट टाकायची कुनाची छाती हाय?" आणि पुन्हा कामाला लागली. एक दिवस गोठ्यातच तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली, तेव्हा लालासाहेबानं तिला मिरजेच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरांनी छातीला तारा लावून कागदाची लांब पट्टी काढली. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा का, असं विचारलं. यायचा. कोरेगावला माहेरी असताना महिना महिना ती अंथरुणात असायची आणि पोरीच्या जातीचं दुखणं म्हणून कुणी मनावर घेत नसे. त्याच तापानं आत काळजाची झडप खराब केली होती. "आता काळजाचे वरचे कप्पे नीट आवळत नाहीत, नुसते थरथरतात," डॉक्टर म्हणाले, "म्हणून ठोके एका तालात पडत नाहीत."

"बरं व्हईल?" लालासाहेबानं विचारलं.

"पुरतं बरं होणार नाही. पण सांभाळून राहिल्या तर पुष्कळ वर्षं जगतील."

मग त्यांनी सांभाळायचं म्हणजे काय ते सांगितलं. बारीक पांढरी गोळी रोज घ्यायची. घेण्याआधी नाडी पुरं एक मिनिट मोजायची आणि साठाच्या खाली असली तर त्या दिवशी गोळी न घेता दवाखान्यात दाखवायचं. मीठ कमी. ओझं अजिबात उचलायचं नाही. दम लागला की काम टाकून बसायचं. ही मंडळी उठून निघाली तेव्हा डॉक्टर सहज म्हणाले, "आणि बाई, राग जरा कमी करा."

यातलं घरानं काय धरलं? विहिरीवरून पाण्याच्या घागरी पूर्वी बनुबाई आणायची, त्यानंतरही तीच आणत राहिली. ओझं उचलायचं नाही हे सगळ्यांनी ऐकलं होतं, पण घागर म्हणजे काही ओझं नव्हे, असं घरानं आपसूक ठरवून टाकलं. मीठ घालायच्या आधी वाटीभर कालवण बाजूला काढायचं, एवढंही सुलाबाईच्या ध्यानात राहायचं नाही. बनुबाई आपली ताकाशी भाकरी खाऊन उठायची. दम लागला म्हणून ती उंबऱ्यावर टेकली, की कुणीतरी आतून विचारायचंच, "च्या ठेवला का न्हाई अजून?"

पण रागाचं पथ्य! ते मात्र सगळ्या घरानं डोळ्यांत तेल घालून पाळलं. बनुबाई तोंड उघडायचा अवकाश, की कुणीतरी बोट वर करायचं, "अगं, अगं! डाक्तरनं काय सांगितलंय?" थोरल्या पोरानं बाजाराचे पैसे पत्त्यात घालवले, ती बोलायला गेली, तर पोरगं म्हणालं, "आई, राग करू नगंस, तुला सोसायचं न्हाई." दिरानं बांधावरचा आंबा तिला न विचारता तोडला, तर सुलाबाई म्हणाली, "बाई, जिवाला जपा." ती मिरजेला तपासायला गेली होती त्या दिवशी तिची हातानं वाढवलेली म्हैस विकली गेली. परत येऊन ती रिकाम्या दाव्याकडं बघत उभी राहिली, तर लालासाहेब हळूच म्हणाला, "तुला तरास नगं म्हनून सांगितलं न्हाई."

मला या घराचा संताप येतो तो इथं. एका फटकळ, जाणत्या बाईला सगळ्यांनी मिळून जपलं असं जपलं, की घरात तिला कुणी काही विचारीनासंच झालं.

लालासाहेब वाईट माणूस नव्हता, हेही सांगायला पाहिजे. रोज सकाळी तो पलटणीतलं घड्याळ काढून अंगणात बसायचा, तिचं मनगट हातात धरायचा आणि ओठ हलवत ठोके मोजायचा. ठोके कधी दोन एकदम यायचे, कधी एक गायब व्हायचा. गायब झाला की त्याच्या कपाळावर घाम यायचा. गोळी तो स्वतः काढून तिच्या तळहातावर ठेवायचा, संपत आली की सांगलीला जाऊन आणायचा. त्याची माया खरी होती आणि भीती त्याहून खरी होती. घोटाळा तिथंच झाला.

बनुबाईची एकच मागणी होती, माहेरी जायची. कोरेगावला तिची आई राहीबाई थकली होती, आणि दोन वर्षांत मायलेकींची भेट नव्हती. बनुबाई विषय काढायची, लालासाहेब टोलवायचा. हिवाळ्यात म्हणायचा गारठा हाय, उन्हाळ्यात म्हणायचा ऊन हाय. "आगगाडीत दम लागला तर मी कुटं न्यायचं तुला?" पंचमीला भाऊ केरबा न्यायला आला नाही. "यंदा तुझ्या तब्येतीमुळं न्हाई आला," असं तिला सांगण्यात आलं. ती चडफडली. पण आई समजून घेईल, लेक आजारी आहे एवढं तिला कळत असेल, म्हणून तिनं मनाची समजूत घातली.

शहात्तर सालच्या चैत्रात ती सुलाबाईबरोबर पलूसच्या बाजाराला गेली. कांदे घेत होती, इतक्यात गर्दीतून चंद्राबाई आली. ही चंद्राबाई तिच्या माहेरच्या आळीतली, विट्याकडं दिलेली. तिनं बनुबाईला बघितलं, हातातली पिशवी टाकली आणि गळ्यात पडून मोठ्यानं रडायला लागली. "अगं बने, तुझी सावली गेली गं! राहीकाकू गेली गं!"

बनुबाई रडली नाही. ती चंद्राबाईला खांद्याला धरून बाजूला करत म्हणाली, "कवा?"

चंद्राबाईचं रडू जागच्या जागी थांबलं. "कवा म्हंजे? माघात. दोन म्हैनं झालं की गं. मी आलते, तू दिसली न्हाईस. मला वाटलं..." ती सुलाबाईकडं बघायला लागली. सुलाबाई कांद्यांकडं बघत होती.

छातीतली कोंबडी उधळली. बनुबाई कांदेवाल्याच्या पोत्यावर बसली, दम ओसरेपर्यंत बसली. आजूबाजूची माणसं पाणी घेऊन धावली. मग ती उठली, पाण्याचा तांब्या परत केला आणि एसटीच्या थांब्याकडं चालू लागली. सुलाबाई मागून येत होती, "बाई, सावकाश, बाई, जिवाला..." बनुबाईनं वळून एकदाच तिच्याकडं बघितलं आणि सुलाबाईनं पुढचा शब्द गिळला.

लालासाहेब अंगणात दोर वळत होता. बनुबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं हात पुढं केला.

"मोजा."

"काय झालं?"

"मोजा म्हंते न्हवं? घड्याळ काढा. माझी आई मेलेली मला भर बाजारात कांदं घेताना कळलं. बघा, थांबलंय का माझं काळीज? मी मेले का?"

लालासाहेबाच्या हातातला दोर सुटला. 

"तुमी गेलता?" तिनं विचारलं.

"गेलतो." आवाज पार खाली गेला होता. "सातारला पेन्शनीचं काम हाय म्हनून सांगितलं, तवा गेलतो. थोरल्याला बी नेलतं."

"म्हंजे माझ्या पोरानं बी माझ्या आईला खांदा दिला, आनि मी हितं बसून तुमच्यासाटनी भाकऱ्या थापत हुते."

"बने, तुला सोसलं नसतं गं. मला धीर झाला न्हाई. तिथं मी तुझ्या नावानं लुगडं घातलं म्हातारीच्या अंगावर."

"माझ्या नावानं?" बनुबाईचा आवाज चिरकला. "मी काय मेले हुते, माझ्या नावानं घालायला? मला हात न्हवतं?"

दारात सगळं घर जमलं होतं. थोरला पोरगा पुढं झाला, "आई, डाक्तरनं..." एवढंच बोलला. बनुबाईनं त्याच्या थोबाडीत मारली. इतक्या वर्षांत तिनं पोरांवर हात टाकला नव्हता. मग तिनं सगळ्यांना ऐकवलं, खालच्या आवाजात, मध्ये मध्ये दम घेत. दम घ्यायला ती थांबली की कुणी मध्ये बोललं नाही. "डाक्तरनं पानी भरू नगंस म्हनून सांगितलं, ते कुनी ऐकलं न्हाई. मीठ कमी कर म्हनून सांगितलं, ते बी कुनी ऐकलं न्हाई. तेवढा माझा राग तुमाला ऐकू आला व्हय? राग न्हाई करायचा म्हंजे मला कळू बी द्यायचं न्हाई? माझी आई हुती ती. बांधावरचा आंबा न्हवता, मला न सांगता परस्पर उरकायला." हे शेवटचं ती कुणाला बोलली ते तिचं तिला माहीत, पण दीर आणि सुलाबाई आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गोळी घेतली, उरलेल्या गोळ्या पदराच्या गाठीला बांधल्या आणि आगगाडीनं कोरेगावला निघाली. लालासाहेब मागोमाग चालला, त्याला तिनं ये म्हटलं नाही, येऊ नको म्हटलं नाही. डब्यात ती खिडकीशी बसली. ना तिला घेरी आली, ना ती पडली. ज्या प्रवासाचा दोन वर्षं एवढा बाऊ केला होता, तो खिडकीबाहेर उसाची आणि ज्वारीची रानं बघता बघता उरकला. हे लक्षात आलं तेव्हा तिचा राग आणखी भडकला.

ती माहेरच्या दारात पोचली तेव्हा केरबा बाहेर आला आणि बहिणीला बघून जागीच थबकला. अक्का म्हणून तिच्या पायाशी वाकला. तिनं त्याला उठवलं.

"रडू नगंस. आधी सांग. आई किती दिस पडून हुती?"

"दिवाळीपास्नं."

"माझी आठवण काढायची?"

केरबा दाजीकडं बघायला लागला. लालासाहेबानं मान फिरवली.

"तिकडं बघू नगंस. हिकडं बघ. काढायची का न्हाई?"

"रोज काढायची. बनी आली का, म्हनून रोज इचारायची."

"आनि तुमी काय सांगायचा?"

 केरबाची बायको चौकटीला धरून उभी होती, ती आत सरकली. मग केरबाच म्हणाला, "अक्का, तुझ्या काळजाचं दुखनं आईला सांगितलंच न्हवतं. म्हातारीला धसका बसंल, म्हनून आमी म्हनायचो, तिच्याकडं उसाची तोड चालू हाय. मग म्हनायचो, गुऱ्हाळ चालू हाय. म्हनायचो, पोरांचं हाय, पावनं आल्यात. काय काय सांगायचो. तिला येळ मिळाला की येती म्हनायचो."

"रोज?"

"रोज."

बनुबाई भिंतीला धरून खाली बसली. छातीत सगळं विस्कटून धावत होतं. लालासाहेब पुढं सरकला, पण तिनं बघितलंसुद्धा नाही.

"शेवटाला काय म्हनाली?"

"जाऊ दे अक्का."

"केरबा. शेवटाला काय म्हनाली आई?"

केरबा रडत रडत बोलला. "म्हनाली, मी गेल्यावर बनीला बोलवू नका. जित्ती हुते तवा तिला येळ न्हाई मिळाला, आता मेल्याचं तोंड बघायला कशाला येती? तोंड फिरवून पडली, ती परत बोललीच न्हाई. दाजींस्नी मी तवाच सांगितलं हुतं."

लालासाहेब अपराध्यासारखा म्हणाला, "हे तुला कसं सांगायचं हुतं गं मी?"

 बनुबाईला आता त्याच्याशी बोलायचंच नव्हतं. ती हातावर जोर देऊन उठली आणि आतल्या खोलीत गेली. आईची बाज होती त्या जागेवर आता धान्याची कणगी ठेवली होती. तिनं त्या कणगीवर दोन्ही हात आपटले आणि आळीतल्या बायका कामं टाकून दाराशी आल्या एवढ्या मोठ्यानं ती ओरडली.

"आई गं, मला येळ हुता गं! मला लय येळ हुता! मला कुनी सांगितलंच न्हाई गं, आई!"

पुन्हा पुन्हा तेच ती ओरडत राहिली. शांत हो, असं तिला म्हणायला त्या दिवशी कुणीही पुढं झालं नाही. केरबा आणि लालासाहेब बाहेर भिंतीला पाठ लावून खाली बघत उभे राहिले.