हलणारे दात

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही — नवऱ्यालाही नाही. परतूरला माझा दातांचा दवाखाना आहे. बाईंचा हात हलका, दात कधी निघाला कळतसुद्धा नाही, असं लोक म्हणतात. मी नुसती हसायचे. दुसरं काय करणार होते?

दात काढण्यात मी तरबेज होते, हे खरं. पण हिरड्या सुजून दात हलू लागला, म्हणजे तो काढायचाच असं नसतं. आधी मापाच्या खुणा असलेली बारीक सळी आत घालून बघायचं, हिरडी दातापासून किती खोल सुटलीय. मग क्युरेट — टोकाशी वाकलेलं, धारेचं हत्यार — हिरडीखाली नेऊन मुळावरचं कीटण खरवडायचं.

कॉलेजात माझ्या हातून ते क्युरेट निसटलं. एका बाईची हिरडी फाटली, सर सगळ्यांदेखत बोलले. तेव्हापासून ते धरलं की बोटं थरथरायची. म्हणून मी — कसं सांगू? — हलणारा दात दिसला की म्हणायचे, हा काढावाच लागेल. खोटं होतं ते. कितीतरी दात वाचले असते. कौसाबाई भाजीवालीचे पुढचे दात मी असेच काढले. वर तिनं मला मेथीची जुडी दिली — आणि मी ती घेतली.

मग हमीदचाचा आले. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे. ज्या दातांवर ते वाद्य टेकतं, नेमके तेच वरचे दात हलत होते. माझं नेहमीचं वाक्य ओठांवर आलं होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "बाई, हे दात गेले तं बाजा गेला. दुसरं काय येतंय मला?"

"वाचतील, चाचा," मी बोलून गेले. "पण ते काम मला जमत नाही." जालन्याला माझी मैत्रीण आहे, हिरड्यांची डॉक्टर, तिच्याकडे जा म्हटलं.

ते खुर्चीतून उठलेच नाहीत. "तुमीच शिकून घ्या. मी थांबतो."

मी जालन्याला जाऊ लागले, दर रविवारी. सराव सुटलाय, एवढंच मैत्रिणीला सांगितलं. तिच्या हाताखाली पुन्हा विद्यार्थिनी झाले. आणि एके सकाळी चाचांच्या हिरडीखाली क्युरेट गेलं — बोटं स्थिर! काळ्या कीटणाचे कपचे निघत राहिले. पुढच्या काही महिन्यांत हिरड्या आवळल्या, दात घट्ट झाले.

वाटूरच्या एका वरातीत चाचांनी मला मुद्दाम बोलावलं. त्यांनी असा लांब सूर लावला की घोडासुद्धा थबकला. मी कधी वरातीत नाचले नव्हते. त्या दिवशी बँडपुढं नाचले, घामाघूम होईपर्यंत.

आता दात हलतोय म्हणून कुणीही आलं, की मी आधी ती सळी हातात घेते. पुष्कळ दात वाचवलेत — ते अभिमानानं सांगते. आधीचे मात्र मी भिऊन काढले. कौसाबाईचेसुद्धा.