मी घेतलेला शोध

माझी मुलगी नागपुरात जन्मली नाही, असं मी सही-शिक्क्यानिशी लिहून दिलेलं आहे.

सत्तरच्या दशकात मी तिथल्या एका कचेरीत जन्मनोंदींच्या खिडकीवर बाबू होतो. लोक दाखल्याच्या नकलेसाठी अर्ज देत आणि मी त्यांना ‘उद्या या’ म्हणत असे. (हे काम अकरा वर्षं अत्यंत निष्ठेनं केलं.) शनिवारी साचलेला गठ्ठा पुढ्यात ओढायचा, प्रत्येक अर्जावर ‘शोध घेतला, नोंद आढळली नाही’ असं लिहायचं आणि सही ठोकायची. अर्ज वाचत बसण्याइतके आम्ही रिकामटेकडे नव्हतो.

एका वर्षी माझ्या मुलीला, सुनंदाला, नर्सिंगच्या कोर्ससाठी जन्मदाखला हवा होता. सोमवारी दुपारपर्यंत दिला नाही तर जागा दुसरीला जाणार होती.

“बाबा, तुमच्याच ऑफिसातून आणून द्या ना जी.”

“वशिला आपल्याले जमत नाही. रीतसर अर्ज कर,” मी छाती फुगवून म्हणालो.

पोरीनं रीतसर अर्ज केला. तेव्हा मी चहाला गेलो होतो. (मी बहुधा तिथंच असे.) शनिवारी संध्याकाळी तिनं उत्तराचा कागद माझ्या ताटाशेजारी ठेवला. वर बापाचं नाव माझं, खाली सहीही माझीच!

“मंग मी जन्मली कुठं जी?” सुनंदा रडवेली झाली.

“अवो, दवाखान्यात तर मी होती,” बायको म्हणाली. “तुम्ही कुठं शोधून राहिले होते?”

मी वरणाची वाटी तोंडाला लावली.

सोमवारी कचेरी उघडताच आत धावलो. पण रजिस्टरं कोणत्या कपाटात असतात हे मला कुठं माहीत होतं?

“काय ढुंढून राहिले, बाबूजी?” महादेव चपराशानं विचारलं आणि दोन मिनिटांत रजिस्टर काढून दिलं. पोरीची नोंद ठसठशीत होती.

नकलेवर साहेबांची सही लागे. त्यांनी माझा शनिवारचा शेरा आणि रजिस्टर शेजारी-शेजारी ठेवलं.

“शनिवारी नव्हती, आज आहे. काहून?”

शोध घेतला होता म्हणावं तर नोंद खोटी ठरते, नव्हता म्हणावं तर मी खोटा. बाहेर व्हरांड्यात सुनंदा घड्याळ बघत उभी होती. शेवटी नोकरीत पहिल्यांदाच खरं लिहिलं, ‘रजिस्टर न उघडताच सही केली.’ साहेबांनी नक्कल दिली आणि पोरीला जागा मिळाली.

तो खुलासा माझ्या फायलीत लावला गेला. पुढं बढतीसाठी माझं नाव तीनदा निघालं. ज्या कचेरीत लोकांचे जन्म हरवले, मृत्यू हरवले, तिथं हा एकच कागद तिन्ही वेळा मागितल्याबरोबर हजर झाला.