कागद भिजेपर्यंत

अमरावतीत छापाचित्रण शिकवण्यात माझी निम्मी नोकरी सरली, पण प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी नुसतं बघत बसणं मला अजून जमत नाही. विद्यार्थ्याच्या कामाला हात लावायचा नाही, काही सुचवायचंही नाही. मग मी खिडक्या उघडते, लावते, स्वच्छ टेबलं परत पुसते.

गेल्या एप्रिलमध्ये एचिंगला एकच मुलगी होती, मूर्तिजापूरहून रोज गाडीने येणारी. एका प्लेटचे पाच सारखे छाप संध्याकाळच्या आत द्यायचे, नाहीतर नापास. जस्ताच्या प्लेटवर आम्लाने कोरलेल्या रेघांत शाई भरायची, वरची पुसायची, ओला कागद ठेवून प्रेसमधून काढायचा. कागद ओला असेल तरच रेघेतली शाई उचलतो. तिने सगळे कागद सकाळीच भिजवून, टिपून प्लॅस्टिकखाली ठेवले होते. त्यात लाइट गेली, कूलर बंद. पहिला छाप चांगला आला. दुसरा फिका. तिसरा त्याहून फिका.

"मॅडम, काहून असं होऊन राहिलं?"

"परीक्षा चालू आहे. मला विचारू नको."

कागदांच्या कडा वाळून वर आलेल्या मला दारातून दिसत होत्या. बाहेरून आलेले परीक्षक वर्तमानपत्राने वारा घेत बसले होते.

तिने फिके छाप बाजूला टाकले आणि एक कोरा कागद गालाला लावून पाहिला. मग उरलेले सगळे परत पाण्यात सोडले, स्टूल ओढलं आणि डबा उघडला. पोळी, ठेचा, कांदा. सावकाश जेवत होती. पोरीने नाद सोडला, असंच मला वाटलं. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागले.

"बसा न मॅडम जरा," शिपाई म्हणाला. "परीक्षा पोरीची हाय का तुमची?"

जेवून तिने हात धुतले. आता आधी प्लेट शाई भरून, पुसून पूर्ण तयार केली आणि मगच एक कागद पाण्यातून काढला, टिपला, प्रेसवर ठेवला. छाप काळाभोर आला. प्रत्येक वेळी तसंच. शेवटचा छाप टेबलावर आला तेव्हा परीक्षक घड्याळ बघत होते. त्यांनी पाचही छाप भिंगाखाली पाहिले आणि गुणपत्रिकेवर सही केली.

ते गेल्यावर मी तिला झापलं, "वेळ जात होता आणि तू डबा कसला खात बसलीस?"

"कागद भिजून राहिले होते न मॅडम," ती म्हणाली. "तोवर मी काय करू?" आणि रॉकेलचा बोळा घेऊन प्लेट पुसायला लागली.